पडद्याला उशीर चालत नाही

(बदलापूर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)

लोकलमधून उतरून, हातातली भाजीची पिशवी घरी टाकून थेट इथे आलेल्या श्रोत्यांनो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘दृष्टिपटलाच्या शल्यविशारदाची कारकीर्द’. पत्रिका घरी आली तेव्हा बायकोनं ती चष्मा वर करून वाचली आणि विचारलं, ‘‘म्हणजे तासभर स्वतःबद्दलच बोलणार?’’ चाळीसेक वर्षं मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मुलांना डोळ्याचा पडदा बघायला शिकवला. त्यात तासभर सांगण्यासारखं काही नाही. बदल्या, परीक्षा, ओपीडी आणि पुन्हा बदल्या. सांगण्यासारखं आहे ते ही विद्या ज्यांच्या हातांतून माझ्या हातात आली त्यांचं. तेव्हा पत्रिकेवरचा शल्यविशारद मी नव्हे, एवढं आधीच सांगून मोकळा होतो.

ज्या गुरुजींच्या नावानं ही माला चालते, ते शेवटची काही वर्षं माझे पेशंट होते. एके दिवशी त्यांना घराच्या खिडकीचे गज वाकडे दिसायला लागले. त्यांनी लोहाराला बोलावलं. लोहार आला, गजावरून हात फिरवून म्हणाला, ‘‘गुरुजी, गज सरळ आहेत.’’ गुरुजींचा विश्वास बसेना. फूटपट्टी आणली, तर फूटपट्टीही वाकडी दिसायला लागली. मग ते माझ्याकडे आले. पडद्याच्या मधोमध एक बारीक जागा असते, तिला आपण पीतबिंदू म्हणतो. वाचायचं, शिवायचं, माणसाचा चेहरा ओळखायचा, तो तेवढ्या जागेनं. तिथे सूज आली की सरळ रेघ वाकते. गज वाकल्यापासून माझ्याकडे येईपर्यंत गुरुजींचे तीन महिने गेले होते. दुखत नव्हतं ना!

मला आज त्या तीन महिन्यांबद्दल बोलायचं आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कुणाचा ना कुणाचा मोतीबिंदू झालेला असतो. आणि त्या घरात एक वाक्य हमखास बोललं गेलेलं असतं, ‘अजून पिकला नाही, पिकू द्या.’ हे वाक्य मूर्खपणाचं नव्हतं. जुन्या पद्धतीत भिंग कडक झालं की काढायला सोपं जायचं. शिवाय ऑपरेशननंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागायचा. म्हणून थोडंफार दिसतंय तोवर थांबणं शहाणपणाचंच होतं. आता डोळ्यात कृत्रिम भिंग बसवतात, थांबण्याचं ते कारण उरलेलं नाही. डॉ. तात्याराव लहान्यांनी जे. जे. रुग्णालयात आणि गावोगावच्या शिबिरांत लाखाच्या वर मोतीबिंदू काढले, तेव्हा महाराष्ट्राला पहिल्यांदा खात्री पटली की गेलेली नजर परत येते. फार मोठं काम झालं ते. पण त्याची एक सावली आमच्यावर पडली. लोकांच्या मनात पक्कं बसलं की डोळ्याचं दुखणं म्हणजे मोतीबिंदू, तो सावकाश वाढतो, आणि कितीही उशिरा गेलं तरी डॉक्टर पट्टी काढतो आणि दिसायला लागतं.

पडद्याचा हिशेब वेगळा आहे. मोतीबिंदू ही खिडकीची धुरकट झालेली काच. पडदा म्हणजे खोलीतला माणूस. काच दहा वर्षांनी बदलली तरी चालते.

माझी चूक सांगतो, म्हणजे हे नुसतं तत्त्वज्ञान वाटणार नाही. १९७९ सालची गोष्ट. मी नेत्रविभागात नुकताच रेसिडेंट झालो होतो. आमचे मामा मुरबाड तालुक्यातले, भातशेती करणारे. घरच्या एका कार्यात त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, ‘‘डाव्या डोळ्यात खालून काळं चढतंय रे. विहिरीत पाणी चढतं ना, तसं.’’ त्याआधी आठवडाभर त्यांना डोळ्यापुढे माशा दिसत होत्या, अंधारात वीज चमकल्यासारखं होत होतं. मी पंचविशीतला. चार माणसांत डॉक्टर म्हणून मिरवत होतो. म्हणालो, ‘‘मामा, कापणी उरकून या. दिवाळीनंतर नीट तपासू.’’

आज दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही रेसिडेंटला झोपेतून उठवून विचारा, तो सांगेल. माशा, विजा आणि मग सावली, म्हणजे पडदा फाटलाय आणि भिंतीपासून सुटत चाललाय. डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून सावली खालून चढत असेल तर पडदा वरून सुटलेला असतो. आणि वरून सुटलेला पडदा सगळ्यात वाईट, कारण आत साचलेलं पाणी वजनानं खाली उतरत पीतबिंदूपर्यंत पोचतं. पीतबिंदू जागेवर असेल तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करायला धावायचं. तो सुटलाच असेल, तरी आठवड्याच्या आत काही हाती लागतं. मामा कापणी, झोडणी, दिवाळी, सगळं उरकून आले. तोवर पडद्याची वळी झाली होती, पावसात भिजून वाळलेल्या कागदासारखी. त्या डोळ्याला पुढे दिसलंच नाही. मामा मला कधी बोलले नाहीत. पुढली वीस वर्षं लग्नकार्यात ‘हा आमचा डोळ्याचा डॉक्टर’ म्हणून कौतुकानं ओळख करून द्यायचे. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहायचो. तिथून त्यांना मी दिसत नसे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मामा त्याच दिवशी डॉक्टरकडे गेले असते, तरी उपयोग झाला नसता. सुटलेला पडदा बसवण्याचा इलाज तेव्हा जगात कुठेच नव्हता. १९१२ साली अमेरिकेत एका डॉक्टरनं आपल्या व्यवसायबंधूंना पत्रं पाठवून विचारलं, सुटलेला पडदा किती जणांचा बसवलात? उत्तरांची गोळाबेरीज अशी निघाली, की हजारात एक. उपचार काय, तर दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून पेशंटला महिनोन् महिने उताणं निजवायचं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे झ्यूल गोनँ (१८७० ते १९३५) हे प्राध्यापक वर्षानुवर्षं असे डोळे तपासत आणि त्यांची चित्रं काढत राहिले. सगळे म्हणत, पडदा सुटतो म्हणून मग फाटतो. गोनँ म्हणाले, नाही. आधी फाटतो, त्या छिद्रातून पाणी मागे शिरतं, म्हणून सुटतो. छिद्र शोधा आणि ते बंद करा. १९२० च्या सुमारास तापवलेली सुई बाहेरून डोळ्यात घालून, बरोबर त्या छिद्रापाशी चटका देऊन त्यांनी पडदे चिकटवायला सुरुवात केली. व्यवसायबंधूंनी दहा वर्षं टिंगल केली. १९२९ च्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या जागतिक परिषदेत अखेर सगळ्यांनी मान्य केलं. आणि गोनँचंही पुन्हा पुन्हा हेच सांगणं होतं, की ताजा पेशंट आणा. जुना झाला की माझ्या सुईनं काही होत नाही.

पण छिद्र शोधायचं कसं? पडदा डोळ्याच्या आतून अस्तरासारखा पसरलेला असतो, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. छिद्रं बहुतेक पार कडेला असतात, जिथे साध्या उपकरणानं नजर पोचत नाही. त्यावर तोड काढली चार्ल्स शेपेन्स या बेल्जियन माणसानं. शेपेन्सचं आयुष्य सिनेमासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम घेतला. हा डॉक्टर खोटं नाव घेऊन फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीज डोंगरातल्या मांदिव नावाच्या गावात, लाकडाची वखार चालवायला बसला. वखार खरी होती, धंदाही खरा. फक्त डोंगरातून लाकूड आणणाऱ्या तारेच्या झोळीच्या आडोशानं त्यानं शंभरावर माणसं सीमेपार स्पेनमध्ये उतरवली. गेस्टापोला सुगावा लागला तेव्हा स्वतः डोंगर ओलांडून निसटला. लंडनला पोचल्यावर भंगारातलं लोखंड गोळा करून त्यानं डोक्याला बांधायचं एक यंत्र बनवलं. पुढे बॉस्टनला जाऊन १९५० मध्ये रेटिना फाउंडेशन काढलं. तिथून आमचं शास्त्र मार्गी लागलं असं म्हटलं तरी चालेल.

ते यंत्र मी आज आणलंय, हे बघा. कपाळाला पट्टा, वर दिवा, डोळ्यांपुढे दोन आरसे. पेशंटला उताणं झोपवायचं. डाव्या हाताच्या दोन बोटांत हे वीस नंबरचं भिंग धरायचं. ते पेशंटच्या डोळ्यावर धरलं की हवेत, भिंगाच्या अलीकडे, पडद्याचं चित्र तरंगायला लागतं. केशरी, आणि सगळं उलटं. वरचं खाली, डावं उजवीकडे. उजव्या हातात ही टोपणासारखी काडी. तिनं पापणीवरून डोळा हलकेच दाबायचा, म्हणजे कडेचा भाग डोंगरासारखा वर येतो. ह्या सगळ्यात आपण श्वास घ्यायचं विसरतो. पहिल्या महिन्यात कुठल्याच मुलाला काही दिसत नाही. एक जण मला म्हणाला होता, ‘‘सर, मला फक्त माझं बोट दिसतंय.’’

आणि नुसतं बघून भागत नाही, चित्र काढायचं. पेशंटच्या छातीवर कागद ठेवायचा, तोही उलटा. घड्याळातले बारा पेशंटच्या पायांकडे. म्हणजे भिंगात जिथे दिसतं तिथेच कागदावर काढलं की आपोआप सरळ होतं. रंग जगभर ठरलेले. जागेवर असलेला पडदा लाल, सुटलेला निळा. शुद्ध रक्ताच्या शिरा लाल, अशुद्ध निळ्या. छिद्र लाल भरायचं आणि त्याला निळी कड. रक्तस्राव लाल, रंगद्रव्य काळं, आतल्या जेलीतलं गढूळपण हिरवं. आमच्या विभागात दर वर्षी नवे रेसिडेंट आले की पहिली खरेदी कॅमलिनच्या रंगीत पेन्सिलींची. वर्षाखेरीस लाल आणि निळी बोटभर उरलेली असे, बाकीच्या कोऱ्या. आता यंत्र एका फटक्यात सगळ्या पडद्याचा फोटो काढतं, आणि मुलं विचारतात, सर, चित्र कशाला? मी म्हणायचो, काढायला बसलास की तासभर बघशील. फोटो दोन सेकंद बघतोस. मान्य, हा म्हाताऱ्याचा हेका आहे. पण छिद्र चुकलं तर ऑपरेशन चुकतं, आणि एका डोळ्यात तीन-तीन छिद्रं असतात.

शेपेन्सकडे शिकायला जगभरातून मुलं येत. साठीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यात मद्रासचा एक तरुण होता, सेंगमेडु श्रीनिवास बद्रीनाथ. जन्म १९४०. आईवडील लहान वयातच गेलेले. मद्रास मेडिकल कॉलेज, मग न्यूयॉर्क, मग बॉस्टन. १९७० साली बद्रीनाथ परत आले. तेव्हा परत येणं आजच्यापेक्षा कठीण होतं आणि न येणं सोपं होतं. ६ सप्टेंबर १९७८ ला शंकर नेत्रालय सुरू झालं. विनानफ्याची संस्था, जिथे ऐपतवाल्याचे पैसे घ्यायचे आणि ज्याला नाही त्याचं फुकट करायचं. आणि रोज शिकवायचं. आमच्या पिढीतल्या भारतातल्या पडद्याच्या डॉक्टरांची वंशावळ काढली तर शेकडो फांद्या तिथून फुटलेल्या दिसतील. नानी पालखीवालांनी त्या संस्थेला दोन कोटी रुपये दिले. मुंबईतला कायदेपंडित मद्रासच्या डोळ्यांच्या दवाखान्याला पैसे देतो, यावरून त्या कामाचा दबदबा कळावा. पद्मश्री, पद्मभूषण सगळं झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये बद्रीनाथ गेले.

आपल्याकडच्या लोकांना मात्र मद्रास दोन रात्रींच्या पिशवीएवढं जवळ होतं. पुणे-सोलापूरमार्गे मद्रासला जाणाऱ्या गाड्या आपल्याच रुळांवरून जातात, बदलापूरला थांबत नाहीत इतकंच. कल्याणला चढायचं. ऐंशीच्या दशकात मीच कितीतरी जणांना चिठ्ठी देऊन धाडलं. एका शिक्षकांच्या मुलाचा पडदा सुटला तेव्हा आरक्षण मिळेना. मुलगा आणि बाप जनरलच्या डब्यात, मुलाचं डोकं बापाच्या मांडीवर. मी बजावलं होतं, हिसका बसू देऊ नका. बाप सांगत होता, ‘‘सबंध कर्नाटकभर मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.’’ गाडी खरं तर कर्नाटकाच्या कोपऱ्यातून जाते, पण त्या बापाला तो सबंध वाटला असणार.

बद्रीनाथांच्या संस्थेत पडद्याचं शिकून डॉ. एस. नटराजन मुंबईत आले आणि १९९० मध्ये त्यांनी वडाळ्याला आदित्य ज्योत रुग्णालय काढलं. म्हणजे मद्रासची गाडी उलट दिशेनं आली म्हणा. जन्मानं तमिळ, कर्मभूमी मुंबई. मला त्यांच्या दोन कामांबद्दल बोलायचं आहे. एक धारावीचं. मधुमेह असलेल्या माणसाचा पडदा तपासायला पेशंटची वाट न बघता त्यांची माणसं वस्तीत गेली. दुसरं, २०१६ चं काश्मीर. छर्‍यांच्या बंदुकांनी तरुण पोरांचे डोळे गेले होते. छर्रा डोळ्यात एका बाजूनं शिरतो आणि पुष्कळदा दुसऱ्या बाजूनं निघतो, म्हणजे पडद्याला दोन भोकं आणि आत रक्त. पुण्याहून काश्मीरमध्ये काम करणाऱ्या अधिक कदमांच्या बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशननं साद घातली आणि नटराजन सहकाऱ्यांना घेऊन श्रीनगरच्या सरकारी रुग्णालयात गेले, पुन्हा पुन्हा गेले. मोबदला घेतला नाही. गोळी कुणी चालवली, दगड कुणी मारला, यावर आपली मतं असतील. ऑपरेशनच्या टेबलावर मात्र एवढंच असतं की किती तास झाले.

अशा डोळ्यात आत जाऊन काम करावं लागतं. ही वाट रॉबर्ट माखेमरनं १९७० मध्ये मायामीत काढली. डोळ्याच्या आतली जेली कापत कापत ओढून घ्यायची. त्याची पहिली तालीम त्यानं अंड्याच्या पांढऱ्यावर केली होती. रिकाम्या डोळ्यात मग पडदा आतून दाबून धरायला काहीतरी भरावं लागतं, गॅस किंवा तेल. गॅस भरलेल्या पेशंटनं दिवस-दिवस पालथं झोपायचं, आणि गॅस विरेपर्यंत विमानात बसायचं नाही, उंच घाट चढायचा नाही, कारण हवेचा दाब कमी झाला की डोळ्यातला बुडबुडा फुगतो. आपल्या भागात मी पेशंटला स्पष्ट सांगायचो, माथेरानला जायचं नाही, माहेर तिथे असलं तरी. एक बाई खरंच माथेरानची निघाली.

तेल म्हणजे सिलिकॉन तेल. ‘डोळ्यात तेल घालून’ राखण करणं हा आपला वाक्प्रचार, पण सेंट लुइसच्या पॉल सिबिसनं साठीच्या दशकात खरोखर डोळ्यात तेल घातलं. आमच्या ओपीडीत बायका अगदी सहज विचारतात, ‘डॉक्टर, ह्यांचं तेल कधी काढायचं?’ आणि गंमत बघा, सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सिबिसच्या नावानं प्राध्यापकपद आहे, त्यावर डॉ. राजेंद्र आपटे आहेत. वयोमानानं पीतबिंदू का झिजतो, यावर त्यांची प्रयोगशाळा काम करते. म्हणजे आपल्या गुरुजींचे गज का वाकले, त्यावर.

गुरुजींना मी डोळ्यात इंजेक्शनं दिली. हे औषध मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी आलं, २००४ मध्ये. नव्या रक्तवाहिन्यांची वाढ ते थांबवतं. मायामीतल्या एका डॉक्टरला वाटलं, पीतबिंदूखाली वाढणाऱ्या वाहिन्याही थांबतील. थांबल्या. त्याच कंपनीनं डोळ्यासाठी म्हणून वेगळं औषध काढलं, कितीतरी पट महाग. २०११ मध्ये अमेरिकेत सरकारी खर्चानं दोघांची तुलना झाली, दोघांचा गुण जवळपास सारखा निघाला. स्वस्त औषधाच्या बाटलीतून अनेक पेशंटांसाठी सिरिंजा भरायच्या असतात, आणि तिथे स्वच्छतेत हयगय झाली की एका दिवशी एका खोलीतल्या सगळ्यांचे डोळे जातात. असं घडलेलं आहे. त्यामुळे स्वस्त घ्यावं की महाग, याचं उत्तर मी व्यासपीठावरून देणार नाही. गुरुजींना मी स्वस्तातलं दिलं, स्वतः भरून. त्यांना शेवटपर्यंत मोठे मथळे वाचता येत होते. बातमी सूनबाई वाचून दाखवायच्या.

आता मधुमेह. आपल्या बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा मला अभिमान आहे. पण जांभळाच्या बियांच्या पुडीचं मला काय करावं कळत नाही. पाटा-वरवंट्यावर वाटलेली ती पूड खाणारे आणि म्हणून पडद्याची तपासणी टाळणारे पेशंट मी मोजायचे सोडून दिलेत. खा, जरूर खा. पण देशात दहा कोटींच्या वर माणसांना मधुमेह आहे, आणि त्यांच्या शंभरातल्या सुमारे बारांच्या पडद्यावर त्याचे ओरखडे उमटलेले आहेत. त्यातल्या बहुतेकांना आज स्वच्छ दिसतंय. तेच तर दुखणं आहे. दिसेनासं होतं तेव्हा आत रक्त फुटलेलं असतं. साखर कितीही असो, नजर कशीही असो, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघितला पाहिजे. बाहुली मोठी केली की चार तास वाचता येत नाही, बाहेरचं ऊन सहन होत नाही, घरी न्यायला कुणी लागतं. म्हणून लोक म्हणतात, पुढच्या आठवड्यात. रोज पहाटे लोकल धरणाऱ्या माणसाला सुट्टी एक रविवार, आणि रविवारी आमची ओपीडी बंद. यात पेशंटलाच का दोष द्यायचा? दवाखान्यांच्या वेळा आम्ही डॉक्टरांनी आमच्या सोयीनं ठरवल्यात.

शेवटचं, आणि सगळ्यात लहान पेशंटांबद्दल. आपल्या पुढचं स्टेशन वांगणी. तिथे कितीतरी अंध कुटुंबं राहतात, मध्य रेल्वेच्या डब्यात पेनं, कुलपं, किचेन विकून पोट भरतात. लॉकडाऊनमध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा त्यांचा बाजारच बंद झाला. १७ एप्रिल २०२१ ला वांगणीच्या फलाटावरून एका अंध आईचं बोट सुटून तिचं मूल रुळांवर पडलं, समोरून एक्सप्रेस येत होती, आणि पॉइंट्समन मयूर शेळके धावत गेला. ते चित्रण आपण सगळ्यांनी बघितलंय. मी ते बघताना, धंद्याची सवय म्हणा, शेळकेची पावलं आणि गाडीची सेकंदं मोजत होतो.

अशीच धावाधाव आमच्या सगळ्यात लहान पेशंटांसाठी करावी लागते. अपुऱ्या दिवसांची बाळं जगायला लागली, तशी एक नवी आंधळेपणाची वाट उघडली. देशात वर्षाला तीस लाखांच्या आसपास बाळं वेळेआधी जन्मतात. त्यांच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. पेटीत ठेवून प्राणवायू दिला की त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून सोडवतात. प्राणवायूचा हा दोष मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये दाखवला. आपल्याकडे नियम असा, की चौतीस आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत पडदा तपासायचा. वेळेत लेसर मारलं तर बहुतेक डोळे वाचतात. काही आठवडे गेले की माझ्यासारख्याला हात जोडावे लागतात. उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याणला आता बाळांच्या पेट्या भरपूर झाल्यात. त्या प्रमाणात पडदा बघणारे झालेले नाहीत.

आणि इथे आपल्या घरातला एक जुना नियम आडवा येतो. बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. चाळीस दिवस. तीस आणि चाळीस यांच्यातले दहा दिवस. शिवाय दिवस मोजायचे कुठून? बाळ तीन आठवडे पेटीत होतं, परवा घरी आलं, म्हणून बाप परवापासून मोजतो.

गेल्या महिन्यात इथल्याच एका नर्सिंग होममध्ये मी बाळं बघायला बसलो होतो. एक जोडपं आलं, सोबत आजी. बाळ जन्मताना सव्वा किलोचं. मी विचारलं, ‘‘कितवा दिवस?’’ बाप म्हणाला, ‘‘पाचवा.’’ आजीनं त्याच्याकडे असं बघितलं की मला बोलायची गरज उरली नाही. ‘‘पाचवा काय रे, अष्टमीला झालं ते, आज सव्विसावा,’’ म्हणाल्या. ‘‘दवाखान्याच्या कार्डावर लिहिलंय जन्मापासून म्हणून. सव्वा महिन्याचं मी बघते म्हटलं, देव काय माझ्याशी भांडायला येत नाही, आणि उचलून आणलं.’’ बाळाच्या कपाळावर तीट होती. डोळ्यांत काजळ नव्हतं, तेही आजींनी कार्डावर वाचलं होतं.

मी बाळाच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचा थेंब घातला. तो तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं घालावा लागतो. आजी पुढे सरकून म्हणाल्या, ‘‘बघा की मग.’’

म्हटलं, ‘‘आजी, औषध चढायला वेळ लागतो. जरा थांबा.’’

‘‘आत्ता तर घाई करा, घाई करा म्हणून कागदावर लिहिता,’’ त्या म्हणाल्या, आणि बाळाला घेऊन बाकावर जाऊन बसल्या. भिंतीवरचं घड्याळ दिसेल अशा बेतानं.